बाड

रविवारी सकाळी वसई रोड स्टेशनाबाहेर बसच्या रांगेत ते हमखास दिसतं. कापडी पिशवीत भाजीच्या वर ठेवलेलं, नाहीतर प्लास्टिकच्या फायलीत, छातीशी धरलेलं. ए-फोर आकाराचे शे-दीडशे कागद, झेरॉक्सच्या दुकानातून करून घेतलेलं स्पायरल, वर पारदर्शक कव्हर आणि आत ठळक टायपात शीर्षक. शीर्षकाखाली लेखकाचं पूर्ण नाव, पुढे गाव: नंदाखाल, आगाशी, निर्मळ, बोळिंज, अर्नाळा. पावसाळा असला तर साडीच्या दुकानातली एक जादा पिशवी त्यावर चढवलेली असते. माणूस स्वतः भिजतो, त्याला भिजू देत नाही.

छापखान्यात, प्रकाशकाच्या कपाटात, संपादकाच्या टेबलावर याला बाड म्हणतात. लिहून झालंय, पण पुस्तक झालेलं नाही, अशा मधल्या वयातलं ते असतं. वही असताना कुणी त्याला काही विचारत नव्हतं आणि पुस्तक झाल्यावर लोक किंमत विचारतील. मधल्या काळात मात्र त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, "छापणार कधी?"

वसईच्या घरात त्याची जागा ठरलेली असते. लोखंडी कपाटात, सातबाराचे उतारे, विम्याचे कागद, मुलांचे बाप्तिस्म्याचे नाहीतर जन्माचे दाखले यांच्या शेजारी. ही जागा मला फार मोलाची वाटते. घरच्यांनी ते वाचलेलं नसतं, कित्येकदा त्यात नेमकं काय आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. पण हे महत्त्वाच्या कागदांत ठेवायचं, एवढं त्यांना न सांगता कळलेलं असतं. कपाट आवरताना सासूबाई ते बाहेर काढतात, धूळ पुसतात आणि पुन्हा होतं तिथं ठेवतात.

अलीकडच्या बाडांचा जन्म बऱ्याचदा विरार लोकलमध्ये होतो. दांडीला एक हात, दुसऱ्या हातात मोबाइल, अंगठ्यानं टाइप केलेला मजकूर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेला. उभ्यानं लिहिलेल्या मजकुराची वाक्यं आखूड असतात. बोरिवलीला माणसं चढली-उतरली की परिच्छेद तुटतो आणि अंधेरीनंतर जागा मिळाली की वर्णनं लांबतात. मग तो मजकूर एखाद्या डीटीपीवाल्याकडे जातो, तिथल्या फॉन्टमध्ये बसतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागतात. ते चौकोन एकेक करून दुरुस्त करणारी माणसं मी पाहिली आहेत. दिवसभर नोकरी, जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास, आणि रात्री अकरा वाजता जोडाक्षरं दुरुस्त करायची. या कष्टाला कुठे मजुरी नाही.

स्वभावानं बाड लाजाळू, पण एकटं राहिलं की हट्टी होतं. लेखकाशिवाय कुणी त्याला वाचलेलं नसतं. नाही म्हणायला बहिणीनं चाळलेलं असतं, ऑफिसातल्या मित्रानं पीडीएफ मागवून घेतलेली असते. दोघंही म्हणतात, "छान आहे." हे ऐकून बाडाचा जीव टिकतो, पण ते वाढत मात्र नाही. वाढायला त्याला परका माणूस लागतो. त्या घरात न जेवलेला, लेखकाच्या आईला न ओळखणारा, आणि तरीही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचण्याइतकी माया असलेला. असा परका माणूस आजूबाजूला सहज सापडत नाही, म्हणून लेखनाच्या कार्यशाळेचं मला मोल वाटतं.

एके काळी अशा माणसाकडे जायला बाडाला गिरगाव गाठावं लागे. खटाववाडीत मौज प्रकाशनाच्या कचेरीत संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन बाडं वाचत. वाचून शंका काढत, लेखकाला सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला सांगत. एकेक कथा अशी परत जाई आणि बदलून येई. मराठीतली कित्येक चांगली पुस्तकं या येण्या-जाण्यात घडली. तिथं पाटी लावलेली नव्हती, पण ती कार्यशाळाच होती, एका वेळी एका लेखकाची. तिची दुसरी बाजूही होती. थोड्या टेबलांवर फार बाडांचं भवितव्य ठरायचं आणि ज्यांची वस्ती, बोली, जगणं त्या टेबलांपासून लांब होतं, त्यांची बाडं तिथवर पोचतच नव्हती. लघुअनियतकालिकांच्या पिढीनं 1969 साली मौजेच्याच 'सत्यकथा' मासिकाची होळी केली, ती या प्रस्थापितपणाविरुद्ध. 1982 साली 'सत्यकथा' बंद पडलं. तो राग मला खरा वाटतो, आणि तसं मन लावून वाचणारं टेबल दुर्मीळ झाल्यावर नव्या लेखकाच्या वाट्याला आलेलं एकटेपणही तितकंच खरं वाटतं.

वसईहून गिरगाव तसं लांब नाही, गाडीनं दीड-दोन तास. पण इथल्या बाडाला ते अंतर जास्त वाटायचं. घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, चर्चमध्ये प्रार्थनेची मराठी, ऑफिसात इंग्रजी. यातल्या कुठल्या भाषेत लिहिलेलं साहित्य म्हणून चालेल, हेच आधी कळत नसे. या बाबतीत 'सुवार्ता' मासिकाचे उपकार मोठे आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 ते 2007 त्याचे मुख्य संपादक होते. त्यांनी ते मासिक आपल्या ख्रिस्ती समाजापुरतं ठेवलं नाही, मराठीच्या मोठ्या प्रवाहाशी त्याचं नातं जोडलं. मासिकाला दर महिन्याला मजकूर लागतो. संपादक आपल्याच तालुक्यातला असला, की लिहिणाऱ्यालाही वाटतं, पाठवून तर बघू. पुढे त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा 2013चा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै 2024मध्ये ते गेले. सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन, फेलिक्स डिसोझा ही नावं आज मराठी कवितेचे वाचक वसईच्या पत्त्यासकट ओळखतात. एखाद्या गावात आधी कुणीतरी लिहून गेलेलं असणं ही नव्या बाडाला फार मोठी सोबत असते.

कोकणातल्या लिहित्या माणसाला पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसावं लागू नये, या हेतूनं मधु मंगेश कर्णिकांनी 1991 साली कोकण मराठी साहित्य परिषद काढली. तिच्या शाखा, कॉलेजांचे मराठी विभाग, वाचनालयं, चर्चचे हॉल अशा ठिकाणी शनिवार-रविवारी लेखनाचे वर्ग भरतात. बहुतेक ठिकाणी भाषणं होतात. कथा म्हणजे काय, कवितेतली प्रतिमा म्हणजे काय, मग चहा, मग प्रमाणपत्र. बाड दिवसभर पिशवीतच राहतं आणि पाच वाजता न उघडता घरी जातं. अशा दिवसाला कार्यशाळा म्हणणं मला पटत नाही. शाळा म्हणावं हवं तर, कार्य त्यात झालेलं नसतं.

खरी कार्यशाळा बाड उघडते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तिथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला सत्तरच्या दशकात आपले दिलीप चित्रे जाऊन आले. तिथली जी रीत पुढे जगभर गेली ती साधी आहे. बाड आधी सगळ्यांना वाटायचं, सगळ्यांनी वाचून यायचं, आणि चर्चा चालू असताना लेखकानं गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं सगळ्यांत अवघड. पुस्तक छापून गेल्यावर लेखक काही प्रत्येक वाचकाशेजारी जाऊन बसणार नाही, "मला तिथं असं म्हणायचं होतं" हे सांगायला. बाडाला एकट्यानं उभं राहता येतंय का, ते त्या तासाभरात कळतं.

अशी एक बैठक मी जवळून पाहिली. कॉलेजचा वर्ग, फळ्यावर शनिवारचं अकाउंट्सचं गणित तसंच राहिलेलं, बाकांवर सगळ्या वयांची माणसं. बाड होतं आगाशीकडच्या एका बाईंचं. पहिली तीन पानं वसईची: किल्ला, चिमाजी अप्पा, 1739, केळीच्या बागा, पानवेली, सुकेळी, समुद्रावरचा वारा. चौथ्या पानावर रात्री दीड वाजता शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर टँकरची मोटर सुरू होते आणि आजी अंथरुणात उठून बसते, मोटर किती वेळ चालते ते ऐकत. पाचव्या पानावर सकाळी ती आपल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेते आणि जिभेवर ठेवून बघते, खारट झालं का.

मार्गदर्शन करणारे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी पहिल्या तीन पानांवर पंजा पालथा ठेवला.

"ताई, हे वसईबद्दल आहे. गोष्ट इथून पुढे आहे."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं, नियम आठवला आणि मिटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, विरारहून अंधेरीला नोकरीला जाणारा, हात वर करून म्हणाला, "आजी पाणी चाखते तिथं माझ्या अंगावर काटा आला, सर. पण पुढचंच वाक्य बघा, 'भूजल पातळी खालावल्यामुळे'. हे आजीला नाही सुचणार. हे पेपरातलं आहे."

"आणि आजी एवढी शुद्ध बोलते?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

आता बाईंना राहवलं नाही. "घरी कादोडीच बोलते ती. पण तसं लिहिलं तर छापणार कोण?"

"छापणाऱ्याचं मी बघतो," प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही आजीला बोलू द्या. निवेदन मराठीत ठेवा, बोलणं तिचं ठेवा. वाचकाला संदर्भानं कळतं."

त्या टँकरमागे केवढा इतिहास आहे ते वसईकरांना सांगायला नको. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस विहिरींच्या उपशाविरुद्ध आणि बागायतींवर चढणाऱ्या बांधकामांविरुद्ध हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, फादर दिब्रिटो त्यात आघाडीवर होते. त्यावर लेख आले, भाषणं झाली. पण रात्री दीड वाजता मोटर ऐकत बसलेली आजी मला त्या बाडाच्या चौथ्या पानावरच भेटली, तीही तिच्यावरची तीन पानं बाजूला केल्यावर. लेखकाला आपण काय आणलंय हे कित्येकदा ठाऊक नसतं. ते त्याच्याच बाडातून शोधून त्याच्या हातात ठेवणं हे कार्यशाळेचं काम.

त्या दिवसानंतर बाडाचं रूप पालटतं. समासात पेन्सिलीच्या उभ्या रेघा, गोल केलेले शब्द, "इथं कोण बोलतंय?", "हे आधी आलंय", "थांबा, घाई नको". मधल्या दोन पानांवर एक मोठी फुली, आणि एका ओळीशेजारी नुसतं "वा". लेखकाची नजर सगळ्यांत आधी फुलीवर जाते, त्या "वा"वर फार उशिरा. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा अजून झालेल्या नसतात, आणि ते योग्यच आहे. 1962 साली लेखनाचे चौदा नियम शासनमान्य झाले, 1972 साली आणखी चार, असे ते अठरा. ते लेखकाला यायला हवेत यात वाद नाही. पण ज्या परिच्छेदावर फुली पडणार आहे त्यातली वेलांटी आधी दुरुस्त करण्यात अर्थ नाही. कितीतरी माणसं केवळ त्या वेलांटीच्या धाकानं बाड बाहेर काढत नाहीत. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं, की शुद्धलेखन शेवटी बघता येतं, आणि त्यासाठी मुद्रितशोधक नावाचा माणूस असतो.

बाडाला जडणारा मोठा रोग म्हणजे घाई. "साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली," असं प्रत्येक वर्गात कुणीतरी म्हणतंच. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933मध्ये, चार-पाच दिवसांत, हे खरं आहे. पण गुरुजींची आई गेली 1917 साली. पंधरा-सोळा वर्षं ते बाड मनात लिहिलं जात होतं, तुरुंगात ते कागदावर उतरलं. ज्याचं असं मनात पक्कं झालेलं असेल त्यानं खुशाल पाच दिवसांत लिहावं.

घाईचा फायदा घेणारे आता पुष्कळ झालेत. महिनाभरात लेखक व्हा, आमच्या कार्यशाळेला या, शेवटच्या दिवशी तुमचं पुस्तक तुमच्या हातात. पैसे लेखकाचे, प्रती मोजक्या, वाचलेलं कुणी नाही. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणं यात कमीपणा काहीच नाही, मराठीत ते पूर्वीपासून चालत आलंय. मला राग येतो तो न वाचता छापण्याचा. जे बाड आणखी एक वर्ष कपाटात राहून आपल्या पायांवर उभं राहिलं असतं, ते अर्धकच्चं बाहेर पडतं, नातेवाइकांत वाटलं जातं, आणि लेखक पुन्हा लिहीत नाही. एका बाडाबरोबर पुढची तीन बाडं मरतात.

म्हणून चांगल्या कार्यशाळेत शेवटचे दोन तास व्यवहाराला द्यावेत, आणि तो स्पष्ट बोलावा. ए-फोरवरची शंभर पानं डेमी आकारात साधारण दीडशेच्या घरात जातात. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात चालते, म्हणून पुस्तक 128, 144, 160 अशा आकड्यांवर थांबवलेलं बरं. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशाचे ते विचारावं. प्रकाशकाशी करार लेखीच हवा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानं हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मानधन किती टक्के, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, लेखकाला किती, हे विचारताना संकोच करू नये. वाडीतली केळी विकताना आपण भाव विचारतोच.

पहिलंच पुस्तक असेल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा लेखकांची बाडं मंडळ मागवतं, जाणकारांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्या बाडांच्या प्रकाशनाला अनुदान देतं. वसईतल्या एखाद्या शिक्षकाला, परिचारिकेला, मासे विकून मुलांना शिकवलेल्या बाईला हे ठाऊक नसतं. ते सांगणारं कुणी भेटलं, तरी रविवार कारणी लागला म्हणायचा.

पुस्तक निघालं की 1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची असते, आणि मुंबईसकट आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना एकेक. प्रकाशनाला माणसं जमतात, फोटो निघतात, केक कापला जातो. खुणांनी भरलेलं ते बाड मात्र कुठलाच कायदा मागत नाही, आणि बहुतेक लेखक ते रद्दीत घालतात. घालू नये असं मी भेटेल त्याला सांगतो. नव्या लेखकाला तयार पुस्तक दाखवलं तर तो दबतो, खाडाखोडीचं बाड दाखवलं तर त्याला धीर येतो.

आगाशीच्या त्या बाईंनी आपलं ठेवलं होतं. पुढच्या एका वर्गाला त्या ते घेऊन आल्या, तेव्हा त्यांची गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली होती. अंक आणि बाड दोन्ही बाकांवरून फिरलं. अंक मुलांनी भराभर उलटला, बाडावर मात्र रेंगाळली. एका मुलीनं पहिल्या तीन पानांवरची फुली बघितली, पान उलटून मागची बाजूही बघितली.

"मॅडम, एवढं सगळं काढायला सांगितल्यावर तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पाऊस संपेपर्यंत पिशवीतून बाहेर नव्हतं काढलं," बाई म्हणाल्या. "मग एकदा रात्री मोटर सुरू झाली. आजी आता नाही, पण मलाच जाग आली. उठले, दिवा लावला, आणि चौथ्या पानापासून परत लिहायला बसले."